कोमट पाण्याचा सौदा

मौद्याच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टनं माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असं मी म्हणत नाही. माझ्याकडून त्यांनी पैसे घेतले आणि बदल्यात कागद दिला, तो कागद खरा आहे. फसवलं ते सुमनला. तिला पाणी दिलं आणि मग परत घेतलं.

संपादकांनी मला भंगाराच्या धंद्यावर लिहायला सांगितलं आहे. "दिवाळी आहे गजभियेजी, जरा गमतीजमती लिहा," असं म्हणाले. गमतीजमती पुष्कळ आहेत आणि लिहितोही. पण धंद्याचं सगळं शिक्षण मी ज्या एका सौद्यात वापरलं, तो सौदा सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. रिसॉर्टचं नाव छापता येणार नाही, असंही ते म्हणाले. ठीक आहे. त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना कळेल.

आधी धंदा समजून घ्या. लोकांना वाटतं भंगारवाला म्हणजे हातगाडी आणि रद्दी. मीही तिथूनच सुरुवात केली, पण पुढं कळमन्याकडे जागा घेतली, काटा बसवला, ट्रक घेतला, आणि मी लॉट घेऊ लागलो. एखादी जिनिंग बंद पडते, कामठीतला कोणी यंत्रमाग मोडीत काढतो, एखादं हॉटेल नवं फर्निचर आणतं. तिथं जे उरतं ते सगळं मिळून एक लॉट. चांगलं-वाईट निवडून घेता येत नाही. घ्यायचं तर ढीगच्या ढीग घ्यायचा, जिथं आहे तिथून, जसा आहे तसा. नंतर तक्रार चालत नाही. म्हणून आधी पाहायचं असतं, आणि पाहायचं कसं, हीच सगळी विद्या आहे.

त्या विद्येचा पहिला नियम असा, की जे हवं त्याच्याकडे पाहायचं नाही.

एक उदाहरण देतो. एका बंद जिनिंगमध्ये पत्र्यांच्या ढिगामागे एक जुनी मोटार पडलेली होती. तिच्या पोटात तांबं होतं. मी मोटारीकडे पाठ करून उभा राहिलो आणि पत्र्यासाठी भांडलो. पत्रा सडला आहे, वाहतूक परवडत नाही, तुम्ही माणूस आहात की कोण आहात, असं सगळं बोललो. मालक घामाघूम झाला. भाव ठरला. मग ट्रककडे निघता निघता मागं वळून विचारलं, "वरून काय देता?" हे आमच्यात विचारतातच. भाजीवाली कोथिंबीर टाकते तसं. तो वैतागून म्हणाला, "घेऊन जा तिकडची ती मोटार." मी मान हलवली, जशी काही कटकटच गळ्यात पडली.

दुसरा नियम पहिल्याइतकाच मोठा आहे. वरून मिळालेलं सगळ्यात आधी ट्रकवर चढवायचं, मालकाच्या डोळ्यांसमोर. ठरलेल्या मालाला ठरावाचा आधार असतो. वरून मिळालेल्याला कसलाच आधार नसतो. ते फक्त ट्रकवर चढलं की तुमचं.

हा दुसरा नियम मला सुमननं शिकवला. मोटार आधी चढवा, असं ट्रकच्या केबिनमधून तीच ओरडली होती. लग्नानंतर वर्षभरातच ती माझ्यासोबत लॉट पाहायला येऊ लागली. माझ्याकडे तोंड होतं, तिच्याकडे नजर. मालक माझ्याशी भांडण्यात गुंतलेला असायचा आणि ही पदर खोचून ढिगाभोवती चक्कर मारून यायची. परत आली आणि उजव्या हातानं कपाळ पुसलं, तर माल घ्यायचा. डाव्या हातानं पुसलं, तर मी आणखी एक शिवी हासडून तिथून निघायचो. मी चिडका आहे असं बाजारात म्हणतात. आहेच. पण त्यातला अर्धा राग धंद्याचा होता, हे फक्त तिला माहीत होतं.

लॉटवरून आलो की निवडण्याचं काम. तांबं वेगळं, पितळ वेगळं, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं. ते उकिडवं बसूनच करावं लागतं. सुमन सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडवी बसायची, उन्हाळ्यात ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन. आमचं घर, मुलाचं शिक्षण, तो ट्रक, सगळं तिच्या गुडघ्यांवर उभं राहिलं. मग गुडघे गेले.

आधी निवडणं सुटलं. मग एका सकाळी ट्रकच्या पायरीवर तिनं पाय ठेवला आणि वर चढताच आलं नाही. ट्रकची पायरी उंच असते. मी खालून हात दिला, ड्रायव्हरनं वरून दिला. ती खाली उतरली आणि म्हणाली, "तुम्ही जा जी. मी घरीच बसतो." त्या दिवशीचा लॉट मी घेतला आणि त्यात मार खाल्ला. कपाळ पुसणारं कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि तिची साखर पाहून, छातीच्या कार्डिओग्रामची पट्टी पाहून पुन्हा नकोही सांगितलं. व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, तिनं उपाय दिला. छातीपर्यंतच्या कोमट पाण्यात चालायचं. पाण्यात अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही आणि ताकद वाढते. "पण थंड पाण्यात नको, काकू. आखडाल."

कोमट पाण्याचा तलाव नागपुरात शोधून पाहा. शहरातल्या तलावात मुलं उड्या मारतात आणि पाणी थंडगार. शेवटी त्याच मुलीनं सांगितलं, की मौद्याच्या रस्त्यावर अमुक रिसॉर्टमध्ये छपराखाली तापवलेल्या पाण्याचा हौद आहे. मी गेलो. गेटवरच्या माणसानं सांगितलं, फक्त मेंबर. मेंबर कसं व्हायचं विचारलं, तर त्यानं एक कूपन हातात दिलं. नवरा-बायको दोघांनी यायचं, जेवण फुकट, लकी ड्रॉमध्ये बक्षीस नक्की.

त्याला टाइमशेअर म्हणतात. सोपं करून सांगतो. खोली तुमच्या मालकीची होत नाही. दर वर्षी एक आठवडा तिथं किंवा त्यांच्या दुसऱ्या एखाद्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क तुम्ही पुष्कळ वर्षांसाठी आधीच विकत घेता. शिवाय दर वर्षी देखभालीचे पैसे वेगळे, मग तुम्ही जा की नका जाऊ. मला यातलं काहीच नको होतं. कळमन्याहून अर्ध्या-पाऊण तासावर जाऊन आठवडाभर राहायचं कशाला? मला फक्त पाणी हवं होतं. आणि जे हवं त्याच्याकडे पाहायचं नाही.

जाताना गाडीत सुमनला बजावलं. "पाण्याकडे पाहू नको."

"काहून?"

"तुले माहीत आहे काहून."

"ते भंगार आहे का जी?"

"सौदा सौदाच असते वं."

तिथली व्यवस्था पाहून मी मनातून सलामच केला. मोठ्यानं गाणी लावलेली, म्हणजे नवरा-बायकोला आपसात बोलता येऊ नये. कोणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळी पोरं टाळ्या वाजवायची. आमच्या टेबलावर पराग नावाचा मुलगा आला. गोरागोमटा, सगळ्यांना सर आणि मॅम म्हणणारा. त्यानं आम्हाला फिरवून आणलं. खोल्या दाखवल्या, जेवणघर दाखवलं, मुलांच्या घसरगुंड्या दाखवल्या. आणि मग तो हौद.

वर निळं छप्पर, पाण्यावर बारीक वाफ. आत कोणी नव्हतं. मी पुढं निघून गेलो. वळून पाहतो तर सुमन कठड्यावर बसून पाण्यात हात घालत होती. मनगटापर्यंत. तिचा चेहरा मी तसा पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. पराग पाहत होता. सौदा हातचा जाईल या भीतीनं मी तिला दंड धरून उठवलं. "चल वं. सर्दी होईल."

ती उठली. ओला हात पदराला पुसला.

टेबलावर मी दोन तास भांडलो. खोल्यांसाठी भांडलो, ज्या मला नको होत्या. आठवडा कुठला, सुट्टीचा की बिनसुट्टीचा. देखभालीचा खर्च दर वर्षी का वाढतो. दुसऱ्या गावी खोली मिळाली नाही तर काय. परागचा आवाज बसला. मग त्याचे साहेब आले, टाय लावलेले. त्यांनी भाव आणखी खाली आणला आणि म्हणाले की हा भाव फक्त आजच्यापुरता. मी खुर्ची मागं सारून उठलो. त्यांनी पुन्हा बसवलं. कोणाचा आवाज कुठं फुटतो, हे मला ऐकून कळतं. साहेब खरोखरच टेकीला आले होते. पेन माझ्या हातात दिलं. सही करता करता मी थांबलो.

"वरून काय देता?"

पराग म्हणाला, "सर, ट्रॉली बॅग देतो ना, ब्रँडेड."

"बॅगा माझ्याकडे किलोनं येतात बाबा."

"मग सर, काय देऊ?"

मी इकडं तिकडं पाहिलं. भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग म्हटलं, "ते तुमचं गरम पाणी आहे ना तिकडं. बायको कधीमधी सकाळी येईल. आठवडा असो नसो."

साहेब हसले. "बस, इतकंच? अहो सर, तुमचंच आहे समजा. मॅम, केव्हाही या. बाराही महिने."

घंटा वाजली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी कटकट गळ्यात पडल्यासारखी मान हलवली. आतून मात्र असा आनंद झाला होता, की तांब्याच्या मोटारीच्या वेळीही झाला नव्हता. जी एक गोष्ट हवी होती ती मी फुकटात घेतली होती.

गाडीत सुमननं विचारलं, "किती दिवस येता येईल?"

"जन्मभर," मी म्हटलं.

आणि खरंच ती जाऊ लागली. आठवड्यातून तीन सकाळी. पहिल्या दिवशी पाण्यात घालायच्या कपड्यावरून भांडण झालं. गेटवरच्या पोरीनं सांगितलं, नायलॉनचाच लागेल. बाजारातून मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा काळा पोशाख आणला. तो घालून ती बाहेर आली आणि म्हणाली, "हसले तं याद राखा." मी हसलो नाही. ती कमांडोसारखी दिसत होती, एवढंच सांगितलं.

पायऱ्या मात्र निसरड्या आणि एका बाजूला धरायला काही नाही. मी परागला सांगितलं, इथं दांडी लावा. तो म्हणाला, बजेट नाही सर, तुम्हीच लावून टाका ना. मग मीच लावली. एका बंद डेअरीच्या लॉटमधला स्टेनलेसचा पाईप माझ्याकडे होता. दुधाचा पाईप, आतूनही आरशासारखा गुळगुळीत. माझ्या वेल्डरला घेऊन गेलो. सुमनला पायरीवर उभं केलं, तिचा हात कुठं येतो तिथं खडूनं खूण केली आणि त्या उंचीवर दांडी बसवली. सुमन माझ्या खांद्याला लागते. दांडीही तशीच, बुटकी. परागनं फोटो काढला, म्हणाला, आमच्या ग्रुपवर टाकतो.

दांडी धरून ती उतरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. मी काठावर बसून फोनवर भाव करायचो. हळूहळू काठी घरी राहू लागली. एका सकाळी आम्ही कन्हानला एका खाणीच्या सामानाचा लॉट पाहायला निघालो होतो, म्हणजे मी आणि ड्रायव्हर. ट्रक सुरू होता. सुमन चप्पल घालून आली, पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला आणि वर चढून बसली. "चला ना," म्हणाली. "काय पाहून राहिले?"

त्या दिवशी कन्हानला तिनं डाव्या हातानं कपाळ पुसलं. मी एक शिवी हासडली आणि आम्ही मोकळ्या हातानं परत आलो. लॉट नाही मिळाला याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

पुढचा हिवाळा संपला आणि गेटवर नवा माणूस दिसला. त्यानं विचारलं, "रूम बुक आहे का?" मी म्हटलं, रूम नको, पाणी पाहिजे. तो म्हणाला, नवीन मॅनेजमेंट आहे, राहायला असाल तरच आत. परागला फोन लावला. पराग पुण्याला बदलून गेला होता, तिथं तो दुसऱ्याच कुठल्या कंपनीचे फ्लॅट विकत होता. "सर, माझ्या हातात आता काही नाही," म्हणाला. ते टायवाले साहेब कुठं आहेत, हे त्यालाही माहीत नव्हतं. नवीन मॅनेजर बाहेर आले. शांत माणूस. मी ओरडलो, तो आणखी शांत झाला.

"सर, तुमच्या करारात तुमचा आठवडा आहे. तो आम्ही देऊ. स्विमिंगची रोजची सोय कोणी दिली, मला माहीत नाही."

"तुमच्या माणसानं दिली. आतल्या टेबलावर."

"लिहून?"

"वरून दिली."

"म्हणजे?"

आता याला काय सांगणार? जिनिंगच्या मालकाला कळलं असतं. कामठीच्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला कळलं असतं. वरून दिलेलं हे दिलेलंच असतं, म्हणून तर आम्ही ते आधी ट्रकवर चढवतो. पण पाणी ट्रकवर चढवता येत नाही. दुसरा नियम मोडूनच हा सौदा झाला होता, आणि ते मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

घरी येताना मी रागात बोलतच होतो. सुमन खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "सरळ मागायचं होतं जी."

"सरळ मागतलं असतं तं दुप्पट भाव लावला असता त्यायनं."

"लावू द्यायचा होता. मह्या गुडघ्यायचं होतं ना ते. तुम्ही मले पाण्याकडे पाहूही देल्लं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर आहे. धंद्यात असं करत नाहीत, हे ते उत्तर आहे. मी ते तिला दिलं नाही.

ग्राहक आयोगात अर्ज दिला. वकील म्हणाले, तोंडी वचन सिद्ध करणं कठीण आहे, पण लढू. लढतो आहे. तारखा पडत आहेत. दरम्यान पाऊस आला, दमटपणा वाढला आणि सुमनची काठी परत आली. ट्रक निघताना ती दारापर्यंत येते, पायरीवर पाय ठेवते, जोर लावून पाहते आणि पाय काढून घेते. रोज. मी पाहत नाही असं दाखवतो. तेवढं मला जमतं.

आता जे सांगतो ते गेल्या हंगामातलं. लग्नांच्या आधी एक दिवस दलालाचा फोन आला. मौद्याच्या रस्त्यावर एका रिसॉर्टमध्ये लॉट निघाला आहे. हौद बुजवून तिथं लग्नासाठी लॉन करणार, स्टेज बांधणार. पाणी तापवण्याचं यंत्र, पंप, पाईप, छपराचा पत्रा, सगळं. त्याला काय माहीत मी कोण. मी म्हटलं, येतो.

आम्ही पाच-सहा जण जमलो. सगळ्यांत वडील कामठीचे इस्माईलभाई. यंत्रमागांचं भंगार घेण्यात आयुष्य गेलं, दाढी पांढरी झाली, आवाज कधी चढला नाही. मॅनेजरनं मला ओळखलं, पण आत येऊ दिलं. त्याला माल काढायचा होता. हौद कोरडा पडला होता. तळाशी पाचोळा. यंत्र काढून काठावर ठेवलं होतं. आणि पायऱ्यांपाशी माझी दांडी, जिथं बसवली तिथंच.

मी मॅनेजरला विचारलं, "ही दांडीपण लॉटमधे?"

"सगळं. जे दिसतं ते सगळं."

आता आमचा आणखी एक कायदा सांगावा लागेल. फार वर्षांपूर्वी इस्माईलभाईंनी एका शेतावरचे पंप घेतले होते. विकणाऱ्याच्या भावानं पोलिसांत तक्रार केली, की पंप वाटणीत माझे आहेत. माल जप्त झाला आणि इस्माईलभाई कितीतरी महिने ठाण्याच्या चकरा मारत राहिले, चोरीचा माल घेणारा म्हणून. तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे. लॉट पाहताना आपल्यापैकी कोणी म्हटलं, की या मालात वाद आहे, तर सगळ्यांनी हात काढून घ्यायचे. कोणी बोली लावायची नाही, तो वाद मिटेपर्यंत. पण खोटं बोलला असं निघालं, तर त्या माणसाला पुन्हा कुठल्या लॉटला बोलवायचं नाही. भाव पाडायला म्हणून एकानं हे करून पाहिलं होतं. तो आता रसवंती चालवतो.

मी म्हटलं, "या मालात वाद आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. इस्माईलभाई जवळ आले. "गजभियेभाई, सोच के बोल रहे हो?"

"ही दांडी माझी आहे. माझ्या पाईपाची, माझ्या पैशानं बसवलेली."

मॅनेजर म्हणाला, "याचा पुरावा काय? आमच्या हौदावर आहे, आमची आहे."

इस्माईलभाई पायरी उतरले. उंच माणूस. दांडी धरायला त्यांना कंबरेतून वाकावं लागलं. मग मॅनेजरला म्हणाले, "साहब, ऐसी रेलिंग कौन बनाता है? इतनी नीची? आपके बाकी सब डंडे मेरी कमर तक हैं।" आणि आमच्या लोकांकडे वळून म्हणाले, "ये भाभी की ऊँचाई का है। ट्रक से उतरती थीं तो हमने देखा नहीं क्या?"

एकेक जण हौदापासून मागं झाला. बोली कोणीच लावली नाही.

मॅनेजर पहिल्यांदा चिडलेला दिसला. म्हणाला, "अहो, एक पाईप तर आहे. कापून घेऊन जा आणि विषय संपवा. मीच कापून देतो."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही. जिथं आहे तिथं, जशी आहे तशी राहील."

त्यानं नागपूरबाहेरचे दोन दलाल बोलावून पाहिले. ते आले, आधी कामठीला फोन केला आणि तसेच परत गेले. लग्नं सुरू झाली. लॉन अर्ध्यावर अडली आहे. यंत्र ताडपत्रीखाली पडून आहे. कुठला सरकारी कागद हा माल अडवत नाही, हे मला माहीत आहे. कधीतरी कोणीतरी अनोळखी माणूस गॅस कटर घेऊन येईल आणि सगळं उचलून नेईल. तोपर्यंत मी आठवड्यातून तीन सकाळी, जेव्हा सुमन पाण्यात जायची त्याच वेळी, गेटसमोर जाऊन उभा राहतो. सुमन गाडीत बसलेली असते. परवा म्हणाली, "यंत्र चांगलं आहे ना जी अजून?"

"चांगलं आहे. पाहिलं मी."

"मंग बसवा म्हणा त्यायले परत. यंत्र तिथंच आहे, हौद तिथंच आहे, मी इथंच आहे."

मॅनेजर म्हणतो, निर्णय माझा नाही, वरच्यांचा. वरचे म्हणतात, विक्री जुन्या लोकांनी केली. जुने लोक म्हणतात, आम्ही आता तिथं नाही. माझ्या काट्यावर रोज माणसं येतात. वजनात खोट निघाली तर हमालाला कोणी विचारत नाही आणि काट्यालाही नाही. ज्याच्या नावाची पाटी आहे तो उत्तर देतो. माझ्या जागेवर माझ्या नावाची पाटी आहे. त्या गेटवरही एक पाटी आहे, आणि तिच्यामागे कोणीतरी मालक आहे. त्याला मी अजून पाहिलेलं नाही. मॅनेजर बदलले, विकणारे बदलले, कागदावर मालक तोच आहे.

तो हा अंक वाचेल, कारण मी स्वतः त्याच्या ऑफिसात नेऊन देणार आहे. त्यानं एकदा त्या कोरड्या हौदात उतरावं. उतरताना ती दांडी धरावी, वाकावं लागेल. आणि मग वर येऊन, गेटबाहेर गाडीत बसलेल्या सुमनला तोंडावर सांगावं, की केव्हाही या, बाराही महिने, असं त्याच्या पाटीखाली बसून जे म्हटलं गेलं, ते कोण पाळणार. मला नाही, तिला सांगावं. या वेळी मी आडून विचारत नाही. सरळ विचारतो आहे, आणि सरळ उत्तर पाहिजे.